शकूच्या काठीनं पास केलेली वाट

पेणच्या बाजारात शकूला न ओळखणारं माणूस विरळाच. पापडाच्या कारखान्यात लाटायला बसणाऱ्या बायकांत तिचा हात सगळ्यांत हलका. तिनं लाटलेला पोह्याचा पापड उजेडात धरला तर पलीकडचं माणूस दिसतं, असं बाकीच्या बायका सांगायच्या. शकूला ते कधी बघायला मिळालं नाही. तिशी गाठायच्या आतच तिची नजर गेली होती.

तिचं माहेर रोह्याजवळच्या एका खेड्यातलं. लहानपणी दिवेलागण झाली की ती धडपडायची, दारातल्या दगडाला ठेचकाळायची, आणि घरचे म्हणायचे, पोरगी वेंधळी आहे. लग्न होऊन पेणला आली, लेक मनालीचा जन्म झाला, आणि मग भर दिवसाही अंधार कडेकडेनं आत सरकायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार रक्तातूनच आलाय, याला औषध नाही. नवरा काळुराम डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर कामाला होता. स्वभावानं भला माणूस. तो तिला कधी टाकून बोलला नाही, की त्यानं कशाची कमी पडू दिली नाही. पण त्या भलेपणानंच ती घरात बसली. बाहेर पडायचं तर कुणीतरी हात धरायला हवं, आणि हात धरणारं माणूस शिफ्टवर तरी असायचं, नाहीतर शाळेत. बरीच वर्षं तिचं जग ओटीपासून मोरीपर्यंत होतं.

मग एकदा पेणमध्ये एका संस्थेचं शिबिर झालं. तिथल्या बाईंनी तिच्या हातात पांढरी काठी दिली आणि ती डावी-उजवीकडे कशी फिरवायची, जमीन कशी चाचपायची, ते शिकवलं. शकूला कारखान्यात लाटायचं काम मिळालं; सुरुवातीला काळुराम सोडायला यायचा, आणि त्याच्याबरोबर ती घर ते कारखाना एवढीच वाट शिकली. शिकताना दोनदा गटारात पाय गेला, एकदा एका हातगाडीवाल्यानं शिव्या दिल्या. पण हळूहळू वाट तिच्या ओळखीची झाली. पिठाच्या गिरणीची घरघर आली की वळायचं, सोनाराच्या दुकानापुढं पायाखाली गुळगुळीत लागतं, आणि मेथीचा वास आला की कोपऱ्यावर धोंडुबाई भाजी घेऊन बसलेली असते. ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी कारखान्यात पोचली त्या दिवशी तिनं तिथं कुणाला काही सांगितलं नाही. मुकाट पोळपाट ओढला आणि लाटायला बसली. घरी आल्यावर मात्र काळुरामला म्हणाली, "उद्यापासून मला सोडायला येऊ नका."

तेव्हापासून तिला कुणी सोडायला गेलं नव्हतं.

त्या साली गणपती गेले, मूर्ती नेणाऱ्या टेम्पोंची गर्दी सरली, आणि बाजाररस्त्याचा फूटपाथ नवा करायचं काम निघालं. जुन्या लाद्या कधीच्या डुगडुगत होत्या, गटारावरचे ढापे फुटले होते, त्यामुळं सगळ्यांनाच बरं वाटलं. शकूलाही वाटलं. पण बाहेरगावच्या ठेकेदाराला दिवाळीच्या आत काम उरकायचं होतं. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा फूटपाथ एका दमात उखडून टाकला. चर खणला, माती रस्त्यावर ओतली, आणि चराच्या कडेनं लोखंडी सळया रोवून त्यांना लाल-पांढरी प्लॅस्टिकची पट्टी बांधली. डोळसांना ती पट्टी लांबून दिसायची. ते रस्त्यात उतरायचे, रिक्षा-मोटारींच्या मधून अंग चोरत पुढं जायचे.

शकूची काठी जमिनीवर चालायची. पट्टी कमरेच्या उंचीवर होती. काठी तिच्याखालून बिनबोभाट पलीकडं गेली, शकूला वाटलं वाट मोकळी आहे, आणि पुढचं पाऊल टाकलं तिथं जमीनच नव्हती.

धोंडुबाई भाजी टाकून धावली. "अगो, कुणी पाठीवलं गो तुला हिकडं?" असं म्हणत तिनं आणि दोन मजुरांनी शकूला वर काढलं. अंग मातीनं भरलं होतं, कपाळ खरचटलं होतं, आणि उजवा हात मनगटाशी सुजत चालला होता. दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. ऐन दिवाळीच्या मागणीच्या दिवसांत कारखान्यातला सगळ्यांत हलका हात गळ्यात अडकून पडला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडचा मुकादम घरी आला. सईद त्याचं नाव. मूळचा रोह्याकडचा, बरीच वर्षं आखातात रस्त्यांच्या कामावर काढून परत आलेला. बोलायला मऊ, पण त्या दिवशी त्याला बोलायचं जड जात होतं हे शकूला त्याच्या खाकरण्यावरून कळलं.

"ताई, काम संपेपर्यंत रोज रिक्षा दारात येईल," तो म्हणाला. "न्यायला आणि आणायला. शेठनी सांगितलंय."

काळुरामला हायसं वाटलं. कुणी घरी येऊन विचारपूस करतंय, वर सोय करतंय, याहून जास्त कुणी काय करणार, असं त्याचं म्हणणं. शकूनं मात्र विचारलं, "धोंडुबाईला पण रिक्षा येणार? शाळेतल्या पोरांना? पोटुशी बाय भाजीला आली, तर तिला?"

मनालीनं सईदपुढं चहा आणून ठेवला.

"मला रिक्षा नको, सईदभाई. मला चालायला वाट पाहिजे."

सईदनं चहा संपवला तरी तो उठला नाही. मग त्यानं आपणहून सांगितलं, की तिकडं तो ज्या साहेबाच्या हाताखाली होता तो माणसांची वाट आधी करून घेतल्याशिवाय पहिली कुदळ मारू द्यायचा नाही. इथं शेठला त्यानं तसं सुचवलं होतं. शेठ म्हणाले, तिकडचं तिकडं. घरात पोरं आहेत, हातचं काम जाईल, म्हणून सईदनं पुन्हा विषय काढला नव्हता.

तो गेल्यावर काळुरामनं तिची समजूत घालून बघितली. आपण ठेक्यावरची माणसं, ठेकेदारांशी वाकडं घेऊन कसं चालेल, दिवाळीपर्यंतचीच तर गोष्ट आहे. शकूनं ऐकून घेतलं. तिला खरं तर भीती वेगळीच वाटत होती. रिक्षात बसायची सवय लागली, की पाय पुन्हा घरात बसतील. आणि ते एकदा बसले की उठायला किती वर्षं लागतात ते तिला पुरतं ठाऊक होतं. पण हे काळुरामला सांगायला तिच्याकडं शब्द नव्हते. ती एवढंच म्हणाली, "उद्या मी पालिकेत जाते."

पालिकेत जायला तिला मनालीचा हात धरावा लागला. त्या वाटेवर तिला पडल्यापेक्षा त्याचंच जास्त दुखलं.

बांधकाम खात्यात अनिता मॅडम म्हणून इंजिनिअर होत्या. नव्यानंच बदलून आलेल्या. त्यांनी शकूला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की कामाच्या अटींमध्ये ते आहेच: फूटपाथ उखडला की चालणाऱ्यांना कठड्याची वेगळी वाट द्यायची. त्यांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की पट्टी बांधली आहे, फोटो पाठवले आहेत, त्या बाईंना दिसत नाही त्याला तो काय करणार.

मॅडमनी फोन ठेवला. फोटोत पट्टी होती हे खरं होतं, आणि ते फोटो त्यांनी पाहिलेही होते.

"मॅडम, फोटोत माझी काठी नाय ना," शकू म्हणाली. "तुमी या. मी चालून दाखवते."

त्या दिवशी दुपारी बाजारात ही गर्दी जमली. शकू धोंडुबाईच्या कोपऱ्यावर उभी राहिली, काठी डाव्या हातात घेतली, कारण उजवा प्लॅस्टरमध्ये होता, आणि नेहमीच्या चालीनं निघाली. सईद चराच्या बाजूनं तिच्याबरोबर चालत होता. काठी पट्टीखालून गेली. पट्टी शकूच्या पोटाला लागली तेव्हा तिचा पुढचा पाय हवेत होता. सईदनं तिचा दंड धरला आणि मागं ओढलं. बघणाऱ्या बायकांच्या तोंडून 'अगो बाय' निघालं.

अनिता मॅडमनी शकूच्या हातातली काठी मागून घेतली, ओढणी डोळ्यांवर बांधली आणि सईदला शेजारी घेऊन त्या स्वतः चालायला लागल्या. चार पावलं गेल्या. पाचव्याला काठी पट्टीखालून पलीकडं गेली, आणि सईदनं त्यांचा दंड धरला. ओढणी सोडली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, असं मनालीनं नंतर आईला सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं काम थांबवलं.

ठेकेदार संध्याकाळी गाडी घेऊन हजर झाला. एका आंधळ्या बाईसाठी सगळ्या बाजाराचं काम अडवणार का, असं त्यानं चारचौघांत विचारलं. मॅडमनी आवाज न चढवता त्याला अटी सांगितल्या. जेवढा तुकडा हाती आहे तेवढाच उघडा ठेवायचा, बाकीचा चर बुजवून चालण्याजोगा करायचा. चराच्या कडेला पट्टी नाही, बांबूचे भक्कम कठडे. आणि त्यांना खाली जमिनीलगत सलग फळी, म्हणजे काठी तिच्यावर आपटेल. रस्त्याच्या बाजूला दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील एवढी रुंद वाट, तिलाही गाड्यांच्या अंगानं कठडा, दोन्ही टोकांना चढायला उतार. वाटेत खडी नाही, सिमेंट नाही. आणि रोज काम थांबायच्या वेळी शकूताई ती वाट चालून बघतील. त्या पास म्हणाल्या, तरच दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा उखडायचा.

ठेकेदार हसला. पण काम बंद ठेवणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. शेवटी तो सईदला म्हणाला, कर बाबा, तुझ्या त्या तिकडच्यासारखं कर. सईदनं दुसऱ्याच दिवशी सकाळी बांबू उतरवून घेतले. त्याच्या बोलण्यात इतका हुरूप शकूला आधी कधी ऐकू आला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी शकू चालली आणि मध्येच थांबली. दोन फळ्यांच्या मध्ये हातभर फट राहिली होती. काठी तिच्यातून पलीकडं गेली. "नाय," ती म्हणाली. मजूर कुरकुरले, पण त्यांनी फळी सरकवली. दुसऱ्या संध्याकाळी वाटेत सिमेंटच्या गोणी होत्या. पुन्हा नाय. मग उताराची पाळी आली. शकूला तो चढता आला, पण तिनं धोंडुबाईला तिची भाजीची ढकलगाडी घेऊन बोलावलं. धोंडुबाईनं जोर लावला, गाडी अर्ध्यावर अडली, टोमॅटो घरंगळले. "हा उतार हाय का गडाची चढण?" धोंडुबाई म्हणाली, आणि मजूरही हसले. उतार लांबवून सोपा केला. त्यानंतर कधीतरी शकू सगळी वाट न थांबता चालत गेली, टोकाला पोचून वळली आणि म्हणाली, "पास."

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले बरेचसे लांबून, परराज्यातून आलेले होते, आणि त्यांच्या कामाला कुणी असं तोंडावर पास म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग त्यांच्यात चुरसच लागली. शकू यायच्या आधी त्यांच्यातलाच एकजण डोळ्यांवर पंचा बांधून काठीनं वाट चाचपून बघायचा. बाजारातही तो संध्याकाळचा एक कार्यक्रमच झाला. कारखान्यातल्या बायका सुटल्यावर शकूबरोबर यायच्या, आज पास की नापास ते बघायला. शाळेतून पोरांना आणणाऱ्या आया आणि गुडघेदुखीची म्हातारी माणसं आता रस्त्यात न उतरता त्या वाटेनं जायची.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. वाटेच्या मध्यावर एक कापडाचं मोठं दुकान होतं. त्या वाटेपायी दुकानापुढची मोटारसायकली लावायची जागा गेली होती. मग गिऱ्हाइकं वाटेतच मोटारसायकली लावायची, आणि मालक काणाडोळा करायचे. शकूची काठी चाकावर आपटली की ती थांबायची आणि नापास म्हणायची. सलग काही दिवस असं झालं. काम त्यांच्या दुकानापाशी येऊन अडलं. मालक तिला म्हणाले, "बाई, तुमच्यापायी माझी दिवाळी बुडायची."

"शेठ, मी तर रोज चालायला येते," शकू म्हणाली. "अडवलंय तुमच्या गिऱ्हाइकांनी."

मालकांनी पालिकेत तक्रार नेली. त्या तक्रारीवर काही व्हायच्या आत परतीचा पाऊस आला. दुपारी आभाळ फाटल्यासारखा कोसळला. गटाराचं तोंड मातीनं भरलं होतं, पाणी चढत गेलं, आणि बघता बघता चर, रस्ता, वाट, सगळं एकाच रंगाचं झालं. कुठं ढोपरभर पाणी आणि कुठं माणूस बुडेल एवढं, ते वरून सांगता येत नव्हतं. कापडदुकानातून एक वयस्कर गृहस्थ पिशव्या घेऊन बाहेर पडले. वाटेतल्या मोटारसायकलींना वळसा घालताना त्यांचा पाय घसरला आणि ते सगळ्या अंगानिशी चराच्या बाजूला कलंडले. बांबूचा कठडा कडकडला, वाकला, पण सुटला नाही. गृहस्थ त्याला मिठी मारून लोंबकळले. गल्ल्यावरून मालकांनी हे पाहिलं आणि ते तसेच, चपला न घालता, पाण्यात धावले.

त्या वेळी शकू कारखान्यात एका हातानं पापड मोजत बसली होती. तिला हे सगळं धोंडुबाईकडून कळलं, तेही तिखटमीठ लावून. पण संध्याकाळी पाणी ओसरल्यावर ती चालायला गेली तेव्हा कापडदुकानापुढं तिची काठी कशालाही लागली नाही. ती मुद्दाम पुन्हा मागं आली आणि पुन्हा चालली. वाट स्वच्छ होती. दारात उभे असलेले मालक म्हणाले, "ताई, आता इथं कुणी गाडी लावणार नाही. मी माणूस बसवलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून वायर ओढून सगळ्या कठड्यावर दिवाळीच्या दिव्यांची माळ सोडली. तक्रार त्यांनी कधी परत घेतली ते कुणालाच कळलं नाही.

मग काम भराभर सरकलं. दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना शेवटची लादी बसली आणि कठडे निघाले. शकूचं प्लॅस्टरही तोवर निघालं होतं. मॅडमनी नव्या फूटपाथवर मधोमध पिवळ्या, उठावाच्या रेघांच्या लाद्या बसवून घेतल्या होत्या, पायाला वाट कळावी म्हणून. त्या संध्याकाळी शकू एका टोकापासून निघाली. दुकानदार दारात आले होते, कारखान्यातल्या बायका पिठाच्या हातांनीच धावत आल्या होत्या, आणि काळुराम शिफ्ट बदलून घेऊन गर्दीत मागं उभा होता.

शकू चालत होती. ढापे हलत नव्हते. पायाखालच्या रेघा सरळ जात होत्या. ती जरा वेगानं चालायला लागली, आणि ठण्णकन आवाज झाला. पिवळ्या रेघा थेट विजेच्या खांबावर जाऊन थांबल्या होत्या.

आधी शकूच हसायला लागली. "मॅडम, ही वाट खांबावर चढते की काय?" ती म्हणाली, आणि सगळा बाजार हसला, मॅडमही. ठेकेदारानं कपाळाला हात लावला. पण या वेळी त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी लाद्या काढून खांबाला वळसा घालून पुन्हा बसवल्या, आणि शकू पुन्हा पहिल्या टोकाला जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी ती कुठंही थांबली नाही. गिरणी गेली, सोनाराचं दुकान गेलं, मेथीचा वास आला आणि मागं पडला. टोकाला पोचून ती वळली. बाजार असा शांत झाला होता की तिला वाटलं, इथं कुणीच नाही.

"पास," ती म्हणाली.

मग जो गलका झाला, त्यात तिला फक्त धोंडुबाईचा आवाज ओळखू आला. काळुराम पुढं आला. सवयीनं त्याचा हात तिच्या दंडाकडं गेला, आणि तिथंच थांबला. तो तिच्या शेजारून चालत घरी गेला. वाटेत एवढंच म्हणाला, की तू पालिकेत जाते म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता ही सगळ्यांशी भांडण उकरणार. शकू म्हणाली, "भांडले कुठं? नुसती चालले."

हिवाळ्यात रोह्याला बाजारपेठेतल्या फूटपाथचं काम निघालं. तिथल्या इंजिनिअरनं अनिता मॅडमना फोन केला, मॅडमनी शकूला विचारलं, आणि शकू एसटीत बसून एकटी रोह्याला गेली. स्टँडवर तिची भावजय सीताबाई न्यायला आली होती. आली तीच मुळी हात पुढं करून. माहेरच्या माणसांच्या डोळ्यांत शकू अजून दारातल्या दगडाला ठेचकाळणारी पोरच होती. शकूनं पिशवी तिच्या हातात दिली, काठी उघडली आणि म्हणाली, "तू माझ्या मागून ये, वयनी." सीताबाई स्टँडपासून बाजारापर्यंत मागं मागं चालली, आणि अर्ध्या वाटेत तिनं "जपून, जपून" म्हणायचं सोडून दिलं.

कामावर सईद होता. रोह्याचा ठेका दुसऱ्याच कुणाला मिळाला होता, आणि त्यानं सईदला मुद्दाम मागून घेतलं होतं. त्यानं शकूला सलाम केला आणि सांगितलं, की सगळं पेणसारखंच केलंय, तुम्ही फक्त पास म्हणा.

शकू चालली. कठडा भक्कम होता, उतार सोपा होता. तिसऱ्या वळणापाशी ती थांबली, वाकली आणि हातानं खाली चाचपलं. फळी जमिनीपासून वीतभर वर ठोकली होती.

"सईदभाई, इथून माझी काठी जाते."

सईदनं मजुरांना हाक मारली. फळी उचकटून खाली ठोकेपर्यंत शकू कडेला उभी राहिली. सीताबाईनं तिला पाणी दिलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून चालली, वळणावर काठी दोनदा आपटून पाहिली, टोकाला गेली आणि पास म्हणाली. सईदनं दोन्ही टोकांचे अडसर काढले. थांबून राहिलेली माणसं वाटेवर आली. दप्तरं घेतलेली पोरं, काठी टेकत येणारा कुणी म्हातारा, डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका. शकू कठड्याला पाठ टेकून उभी राहिली आणि तिच्या पुढून सरळ, न अडखळता जाणारी पावलं कितीतरी वेळ ऐकत राहिली.